तीन पाण्यांची द्राक्षं

पवनारहून रोज सकाळच्या बसनं येऊन वर्ध्याच्या बाजारात हातगाडी लावणारी फळवाली मावशी नसती, तर मी पोरीला स्वतःच्या हातानं विष चारत राहिले असते आणि वर स्वच्छतेचा तोरा मिरवला असता. हे आधीच सांगते, कारण पुढं माझी अब्रू जाणार आहे.

मी रत्नागिरीकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या गोदामातल्या नोकरीपायी इथं आले. जवळ आई नाही, सासू नाही; अक्कल शिकवायला फक्त मोबाइल. त्यानं सांगितलं, बाजारातल्या द्राक्षांवर औषधाचा अंश असतो. मी मुळातच घाबरट. दोन वर्षांच्या लेकीची द्राक्षं तीन पाण्यांनी धुवायला लागले: मिठाचं, सोड्याचं, साधं. एवढं तर मी लेकीलाही कधी धुतलं नव्हतं.

एका सकाळी द्राक्षं खाऊन ती दोनदा ओकली. तिला काखोटीला मारून मी थेट गाडीवर.

"मावशी, काय विकलंत हे?"

"अंगूर. दिसून नाई राह्यले तुले?"

"औषध मारलेले."

"मारलेच असन. मी काय बागेत पाहाले गेलती? धुतले होते का?"

"तीन पाण्यांनी."

"कायात?"

मी सांगितलं. घरमालकानं न्हाणीत ठेवलेला निळा डबा, वरून कापलेला, तारेची मूठ लावलेला. मजबूत. त्यावर कागदाचा एक चिटोरा उरलाय, लाल तिकोनाचा. मला ती कंपनीची नक्षी वाटायची.

मावशीनं तराजू खाली ठेवला. "अवो बाई, तो कपाशीच्या फवारणीचा डबा. वावरात आमी त्याले फडकं बांधून हात लावतो. थेंबाले भेली अन् डब्यानं धुतलं?"

भर बाजाराच्या वेळी गाडी तशीच टाकून ती माझ्यासोबत ऑटोत बसली. दवाखान्यात मला रडण्यापलीकडे काही येत नव्हतं; डॉक्टरांना सगळं तिनंच सांगितलं, डब्यासकट. त्यांनी लेकीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डब्यानं झालं, द्राक्षांनी झालं की हावरटपणानं, ते सांगता येणार नाही म्हणाले. डबा मात्र आजच्या आज घराबाहेर, आणि फळं वाहत्या नळाखाली धुवायची.

संध्याकाळी लेकीनं केळं मागितलं. मी परत रडले.

तिला घेऊन गाडीवर परतलो, तर केळी नव्हती. गाईनं फडशा पाडला होता.

"न धुता खाल्ले तिनं," मावशी म्हणाली. "पाहू आता काय होते."

मी माफी मागितली, तर म्हणाली, "वरचं धुतल्यानं जाते. आत मुरलं ते कोनाच्या बापाले धुता येत नाई. काऊन भेतं एवढी? उद्या येजो."

मी अजून भिते. नळ इतका वेळ सोडते, की घरमालक ओरडतो. त्यानं ओरडूच नये, डबा त्याचा होता.

मावशी स्वतः विकते ती फळं खात नाही, का ते मी विचारलेलं नाही. पण रत्नागिरीकडं आमच्या माहेरच्या घरामागं रायवळ आंबा आहे. त्यावर कधी काही फवारलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही, एवढ्या उंच चढायची कोणाची छाती नाही. एका वैशाखात मावशीला तिकडं नेईन, त्याच्या सावलीत बसवीन आणि पडलेला आंबा पदराला पुसून तिच्या हातात देईन. धुणार नाही.