मोठ्यानं वाचणाऱ्या मावशी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मार्केट यार्डात हमाल आणि संघटनेचे कार्यकर्ते. मोर्चाआधी पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. कागदावर लिहिलं की ते करून दाखवायचं असतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

पुण्याच्या कडेचं आमचं गाव महापालिकेत गेलं. टॉवर आले, टँकर आले, वाचनालय काही आलं नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी ते काढलं. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीने मागची खोली दिली. बुधवार पेठेतल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मी दोन पोती घेऊन गेले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "न्या हवी तेवढी. वाचक सापडले तर कळवा, बघायला येईन."

उद्घाटनाचं पत्रक अर्थात मीच लिहिलं. 'इथे अध्यक्ष नाही, मालक नाही. जो येऊन बसतो तो सभासद. प्रत्येक सभासदाला एक मत.' मला त्या ओळींचा फार अभिमान होता. पत्रकं घरोघरी वाटली.

पहिल्या आल्या त्या एक मावशी. आयुष्यभर यार्डात मिरचीचे देठ खुडले, बोटांची आग कधी गेली नाही. साठीनंतर वस्तीतल्या वर्गात वाचायला शिकल्या. एका खलाशाच्या गोष्टीचं पुस्तक त्यांनी धरलं होतं. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. ओळीखाली बोट ठेवून त्या मोठ्यानं वाचायच्या, आणि मध्येच थांबून खलाशाला झापायच्या. "आरं मुडद्या, वादळ दिसतंय ना समोर! चाललाय तसाच!" दोन-चार लहान मुलं नुसती ते ऐकायला येऊन बसायची. मीसुद्धा वाचनालय सांभाळायची माझी पाळी नसताना जायचे.

मग स्पर्धा परीक्षांची मुलं आली. कुणी पोलीस भरतीचं, कुणी तलाठ्याचं, कुणी थेट कलेक्टर व्हायला निघालेलं. शहरातल्या अभ्यासिका परवडत नाहीत, घरी सहा माणसं एका खोलीत. त्यांना आमचं एकही पुस्तक नको होतं. गाईड त्यांचे तेच आणायचे. त्यांना हवी होती खुर्ची, पंखा, चार्जरला जागा आणि शांतता. आम्ही बसू दिलं. नाही कसं म्हणणार? जो येऊन बसतो तो सभासद.

महिन्याभरात ती पंचवीस-तीस झाली. एक दिवस त्यातला एक मुलगा अगदी नम्रपणे माझ्याकडे आला. "ताई, राग मानू नका. त्या मावशींना मनात वाचायला सांगा ना. खूप डिस्टर्ब होतं."

मी भडकले. वाचनालयात वाचायचं नाही तर काय करायचं, असं बरंच बोलले. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "तुमच्याच पत्रकात आहे ना, प्रत्येकाला एक मत? मग मीटिंग घ्या."

मी मावशींना मनात वाचायचं शिकवायला बसले. त्यांनी ओठ घट्ट मिटले, बोट दोन ओळी सरकलं आणि थांबलं. "न्हाई जमत पोरी. ऐकू आल्याबिगर मला कळतच न्हाई काय लिवलंय. माझ्या मनात वाचणारं कुणी न्हाई."

मीटिंग रविवारी झाली. मी उभी राहून बोलले. या राज्याने जागा काढल्या नाहीत, परीक्षा पुढे ढकलल्या, पेपर फोडले, आणि आता सरकारच्या वाटणीचा राग एका म्हातारीच्या आवाजावर का काढता, असं विचारलं. भाषण चांगलं झालं. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. मग त्यांनी शांततेच्या बाजूने हात वर केले.

मावशींनीही केला. त्याच बाजूने.

बाहेर चपला घालताना मी त्यांना गाठलं. "मावशी, तुम्ही कशाला हात वर केलात?"

"पोरांस्नी नोकऱ्या नगं का लागाया? माझी नात बी पुढल्या साली इथंच बसनार हाय."

"मग पुस्तक घरी न्या. घरी वाचा."

"घरी?" त्या हसल्या. "घरी सून म्हनती, म्हातारीला खूळ लागलंय. इथं तुम्ही ऐकत व्हता म्हून मी वाचत व्हते. भिताडाला काय वाचून दावू?"

मी पुन्हा मत घ्यायला हवं होतं. पत्रक फाडून टाकायला हवं होतं. संध्याकाळी एक तास मुलांना बाहेर बसवता आलं असतं. हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की नियम माझा आहे आणि तो मोडणारी पहिली मी व्हायचं नाही.

पाटी कुणी लिहायची हा प्रश्नच नव्हता. अक्षर माझं चांगलं. 'शांतता राखा. मनात वाचा.' मी ती दारावर लावली.

दोन दिवसांनी मावशी आल्या. पाटीपुढे उभ्या राहिल्या, बोट वर केलं आणि नेहमीच्या आवाजात एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. दुसऱ्या शब्दापर्यंत आत तीस माना वळल्या. कुणीतरी "शूऽऽ" केलं. मावशींनी पदर तोंडाला लावला, माफी मागितल्यासारखी मान हलवली आणि निघून गेल्या. उरलेले दोन शब्द त्यांनी वाचलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलांनी दोन कपाटं फिरवून भिंतीला चिकटवली. टेबलांना जागा झाली. पुस्तकांची तोंडं आता भिंतीकडे आहेत. त्या मुलांपैकी अजून कुणालाच नोकरी लागलेली नाही. लहान मुलं येत नाहीत. मंगळवारी माझी पाळी असते. मी कुलूप काढते, पंखा लावते आणि रात्री आठपर्यंत बसते. मला कुणी काही विचारत नाही.