अप्पांच्या चाफ्याची तिसरी फांदी

अप्पा गेल्याची बातमी आली, तेव्हा मी परसातल्या कुंडीत चाफ्याची कळी मोडत होतो. हे एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला पाच आठवडे लागले. आमच्या सोलापूरच्या भुसार पेठेतले आडतदार गुरुसिद्धप्पा, साऱ्या पेठेचे अप्पा, पहाटे लिंगैक्य झाले, असं त्यांच्या दुकानातला हमाल दारात उभा राहून सांगत होता, आणि माझ्या बोटांवर चाफ्याचा चीक होता. हा चीक निघताना दुधासारखा पांढरा असतो, पण वाळला की काळा पडतो आणि राखेनं घासल्याशिवाय सुटत नाही. मी तसाच गेलो. अप्पांना समाधीत बसवलं, सगळ्यांनी माती लोटली, मीही लोटली. पण माझं निम्मं लक्ष माझी काळी बोटं कुणी पाहतंय का, याकडेच होतं. लोक म्हणाले, मास्तर, तुमचा एवढा स्नेह, दोन शब्द लिहा की. लिहितो. मात्र हे शब्द अप्पांच्या स्तुतीचे कमी आणि माझ्या कबुलीचे जास्त आहेत, हे वाचणाऱ्यानं आधीच ध्यानात घ्यावं.

आमची ओळख झाली ती त्यांची बोलणी खाण्यातून. मी हायस्कुलात नवा मास्तर. घराच्या कुंपणाला चाफा लावावा म्हणून एक फांदी तोडून आणली आणि लगेच खड्ड्यात रोवून वर बादलीभर पाणी ओतत होतो. रस्त्यानं जाणारे एक पागोटेवाले, कपाळावर विभूती ओढलेले गृहस्थ थांबले. "मास्तर, फांदी लावताय का मारताय?" मी चिडलो. ते न बोलावता आत आले, फांदी उपटली आणि ओटीच्या सावलीत आडवी ठेवली. "तिचा चीक वाळू द्या. पंधरा दिस हितंच पडू द्या. मग मुरमात लावा, आन् पान फुटूस्तवर पाणी न्हाय म्हंजे न्हाय. चाफा तहानेनं मरत न्हाय, पाण्यानं कुजतो." मी शाळेत मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस! पंधरा दिवस रागानं त्या फांदीकडे पाहिलं नाही. म्हणूनच ती जगली असावी.

त्यानंतर दर रविवारी एकमेकांकडे जाणं ठरून गेलं. आम्हा दोघांनाही या खुरचाफ्याचंच वेड. लोक म्हणत, अहो, सोनचाफा लावा, मोगरा लावा, हे पानं झडलेलं बोडकं झाड कशाला? आम्हाला तेच हवं असे. तांबडा चाफा माझ्याकडे तीनदा मेला. पौषाच्या थंडीत त्याचे शेंडे काळे पडत आणि तो काळेपणा बुंध्यापर्यंत उतरे. चौथ्या खेपेला अप्पांनी शेंड्यांना गोणपाटाच्या टोप्या शिवून घातल्या. त्या वर्षी तो असा फुलला, की मी शाळेला अर्धा दिवस दांडी मारली. बोथट पानांचा एक चाफा मुंबईहून आणला, तो बारमाही हिरवा राहिला खरा, पण त्याच्या पानामागे पांढऱ्या किडीचं पीठच बसे आणि आम्ही दोघं तंबाखूच्या पाण्यानं एकेक पान पुसत बसू. पिवळा म्हणून परगावाहून मागवलेला चाफा मी सहा वर्षं वाढवला आणि तो फुलला पांढरा. मी संतापून त्या नर्सरीला पत्र लिहायला बसलो, तर अप्पा हसता हसता पागोटं सावरत म्हणाले, "लिवा, लिवा. पर पत्रात ती सा वर्सं बी परत मागा."

पण खरी गोष्ट अप्पांच्या स्वतःच्या झाडाची आहे. चाफ्याला शेंग क्वचित धरते. एका वर्षी त्यांच्या जुन्या झाडाला जोडशेंग आली, बैलाच्या शिंगांसारखी. अप्पांनी तिचं बी पेरलं. बियांचं रोप आईबापावर जाईलच असं नाही; फूल येईपर्यंत आत काय आहे ते देवालाच ठाऊक. रोपं मेली, एक राहिलं. ते त्यांच्या दाराशी पाच वर्षं नुसतंच वाढलं. पानाच्या कडेला तेवढी केसाएवढी तांबडी रेघ असे. आणि मग तीस सालच्या मार्शल लॉच्या त्या उन्हाळ्यात, रस्ते ओस, जो तो दार लावून घरात, अशा दिवसांत दूधवाली हलक्या आवाजात म्हणाली, "अप्पांनी सांगावा दिलाय. फुललं म्हणं." पांढरी गांधी टोपी घालून बाहेर पडायची सोय नव्हती. मी बोडक्या डोक्यानं, भिंतीच्या कडेकडेनं, भर दुपारी गेलो. बायको दाराआडून पाहत होती, तिचा चेहरा अजून आठवतो.

फूल पाहिलं... पोटात हळदीचा पिवळा, पाकळीच्या कडेला पाण्यात कालवलेल्या कुंकवाची रेघ, आणि वासाला पिकल्या लिंबाची किंचित धार. तसा चाफा मी ना आधी पाहिला, ना नंतर. अप्पा नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. परतताना रुमालात एक फूल होतं. चौकात शिपायानं अडवलं, बंदूक आडवी धरून रुमाल उघडायला लावला. त्यानं फूल नाकाशी नेलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुलाकडे पाहिलं आणि मानेनंच 'जा' म्हणाला. फूल मात्र त्यानं ठेवून घेतलं.

पुढे तीन उन्हाळे ते झाड फुललं. त्यानंतरच्या आषाढात अप्पांच्या थोरल्या भावाचा नातू, चार महिन्यांचं मूल, दोन दिवसांच्या तापात गेलं. घरात कुणीतरी बोललं की दारात मसणातलं झाड आहे, आणखी काय होणार? त्यांच्या दफनभूमीत चाफेच आहेत, हे खरं. थोरले भाऊ म्हणाले, झाड तुटलं पाहिजे. मी अप्पांना म्हणालो, भांडा, घराचे तुम्हीही मालक आहात. ते म्हणाले, "वैनी रातध्याड रडतीया, मास्तर. झाड माजं हाय, पर दार समद्यांचं हाय." कुऱ्हाड पडायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं तीन फांद्या काढल्या आणि सावलीत वाळवल्या. एक गोदामामागं लावली, एक वैरागला लेकीकडे पाठवली, आणि तिसरी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. "चीक वाळलाय. तुमी निस्ती लावा आन् इसरून जावा."

विसरता आलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता! भाद्रपदातलं ऊन तापलं, पाऊस हटला आणि फांदी सुरकुतू लागली. ती सुरकुतणारच, आतल्या चिकावर तग धरून असते ती. हे मला पाठ होतं. तरी पण एका संध्याकाळी मी तिला अर्धा तांब्या पाणी घातलं. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. पुस्तकी शहाणपण आणि काळजी एकत्र आली की माणूस कुणाचं ऐकत नाही. तिसऱ्या आठवड्यात बुंधा चाचपला तर बोट आत गेलं, आणि काळं पाणी बाहेर आलं.

रविवारी जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्यं जुळवून ठेवली. तर रविवारी सकाळीच टांगा दाराशी थांबला आणि अप्पा उतरले. खाली बसले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैरागची गेली. पोरीनं काळ्या रानात लावली, पाणी साचलं. गोदामामागची बैलगाडीच्या चाकाखाली आली." पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आता तुमच्याकडची तेवढी. कशी हाय?"

"ठीक आहे." माझाच आवाज माझ्या कानांवर आला.

ते बघायला उठले. मी घाईनं म्हणालो, आत्ता हलवायला नको. ते तत्काळ खाली बसले. "व्हय व्हय. बघायला बी नको." मेलेली फांदी तेव्हा भिंतीपलीकडे, दहा हातांवर होती. आणि ते मला सांगत होते की, मास्तर, लई उपकार झाले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या साध्या पांढऱ्या चाफ्याची, तेवढ्याच जाडीची फांदी कापली. पंधरा दिवस वाळवली, त्याच कुंडीतल्या मुरमात लावली आणि पाण्याचा एक थेंब घातला नाही. खऱ्या फांदीला जे नियम पाळले नाहीत, ते खोटीला अक्षर न् अक्षर पाळले. अप्पांना मात्र परीक्षेच्या पेपरांचं निमित्त सांगून महिनाभर लांब ठेवलं. पानं फुटली तेव्हा ते आले. चष्मा लावला, पान उलटं केलं, आणि अंगठा पानाच्या कडेवरून सावकाश फिरवला. तिथे तांबडी रेघ नव्हती. ते म्हणाले, "कुंडीत हाय न्हवं. कुंडीतल्या पानाला रंग उशिरा चढतो."

मी सुटलो! पुढच्या वर्षी म्हणाले, ऊन कमी पडतंय. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, माती हलकी हाय. मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन ती करकंबची की वैरागची, हे बिनचूक सांगणारा हा माणूस एका पानाला फसला, असं मी खुशाल धरून चाललो. दर रविवारी ते येत, कुंडीपाशी बसत, चहा घेत. आणि शनिवारची रात्र मला झोप नसे.

मग चैत्रात कळ्यांचा घोस आला. फूल उमललं की पांढरंच निघणार, आणि फुलाला कुठली सबब चालणार? मी घोस मोडला. पुन्हा आला, पुन्हा मोडला. आयुष्यभर चाफा फुलावा म्हणून झटलेला माणूस मी, चोरासारखा कळ्या खुडत होतो. एकदा बायकोनं पाहिलं. "अहो, सांगून टाका की एकदाचं. फार तर चार शब्द बोलतील."

"बोलले तर बरंच गं," मी म्हणालो. "गप्प बसले तर?"

गेल्या थंडीत अप्पांचा दमा वाढला आणि त्यांचं येणं थांबलं. मी जात असे. ते जाण्याच्या आठ दिवस आधी गेलो, तर उशांना टेकून बसले होते, एकेक शब्द ओढून काढत होते. "औंदा... धरलं का फूल?"

"नाही, अप्पा."

त्यांनी माझा हात हातात घेतला होता. तो उलटा केला, चिकानं काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. "धरंल की," ते म्हणाले. "घाई न्हाय." मी बाहेर आलो आणि त्यांच्याच दाराशी, झाड होतं त्या जागी, भिंतीला धरून उभा राहिलो. आत परत जाऊन पायांवर डोकं ठेवावं, असं फार वाटलं. गेलो नाही. या माणसाला मी एक साधं पांढरं फूलसुद्धा बघू दिलं नाही.

पंधरवड्यापूर्वी त्यांचा मुलगा शिवानंद आला. आता दुकान तोच सांभाळतो. म्हणाला, "अप्पांच्या समाधीपाशी चाफा लावायचाय. फांदी तुमच्या कुंडीतल्या झाडाची पायजे." मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. अर्धा तांब्या, कुजलेला बुंधा, बदललेली फांदी, कळ्या... काही ठेवलं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "अप्पांना ठावं हुतं, मास्तर."

"कधीपासून?"

"पैल्या पानापासनं. कळ्या खुडताय ते बी. शेंड्याला खुणा दिसायच्या म्हणं."

मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको आतून धावत आली. मग बोलले का नाहीत? तीन वर्षं मला मंद आचेवर भाजत ठेवलं, आणि स्वतः समोर बसून चहा पीत होते! शिवानंद घाबरला. हळूच म्हणाला, "मी बी इचारलं हुतं. म्हणाले, बोललो तर मास्तर शरमेनं यायचे बंद हुतील, मला बी येऊ देणार न्हाईत. झाड गेलं ते गेलं, दर ऐतवारचं येणंजाणं तरी ऱ्हाऊ दे."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला भीती होती त्यांची, आणि त्यांना भीती होती मला गमावण्याची. आणि आम्ही दोघं शहाणे त्या कुंडीला मध्ये घेऊन पानांच्या रंगावर बोलत बसलो होतो. मी उठलो, कोयती घेतली आणि चांगली हातभर फांदी कापली. शिवानंदनं ती घेतली नाही. तो घुटमळत होता.

"अजून एक सांगितलंय," तो म्हणाला. "राग धरू नगा. म्हणाले, फांदी मास्तरांचीच आन, पर लावताना त्यास्नी हात लावू दिऊ नको. पाणी घालतील."

मी हसलो, अगदी मोठ्यानं. हसता हसताच पायरीवर बसलो आणि त्याच्यासमोर, बायकोसमोर, लाज सोडून रडलो.

मोडायचा राहिलेला एक घोस परवा कुंडीत उमलला. पांढराच आहे, वासाला बरा आहे. कापलेली फांदी ओटीच्या सावलीत आडवी पडली आहे. चीक वाळला, उद्या पंधरा दिवस होतील. शिवानंद न्यायला येईल, लावणारही तोच. मी बरोबर जाणार आहे, तांब्या घरी ठेवून.