वाटीभर राजे, चिमूटभर सुइणी

धुरपताचं तोंड पहिल्यापासून फटकळ. कोंढा गावातली निम्मी पोरं तिच्या हातून जन्माला आलेली, आणि तिची बोलणी न खाल्लेलं माणूस गावात शोधूनही सापडलं नसतं. वस्तीने धम्म घेतला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली. नवरा डोमा म्हणाला, "आता हे सुईणपण बी सोड."

"मेलेली ढोरं तुमी सोडली, बेस केलं. जिती लेकरं मी काहून सोडू?" झालं, विषय संपला. बाळंतिणीच्या घरचा शिळा भात आणि जुनं लुगडं मात्र तिने त्या दिवसापासून घेतलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली वस्तीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आणि चाळिशी उलटलेली धुरपता वाचायला शिकली. वर्गातली पुस्तिका संपली, तेव्हा पवनीच्या बाजारात एका प्रचारकाने फुकट दिलेलं मराठी बायबल तिने घरी आणलं. लगेच वस्तीभर बोभाटा, धुरपता बाटली! डोमाही घुश्शात आला. "आपून बुद्धाचे, अन् तू हे काय वाचून राहिली?"

"वाचूनच राहिली ना? कोणाच्या मागं चालली तं नाही!"

खरं कारण वेगळंच होतं. एवढ्या जाड पुस्तकात सुइणीचं नाव कुठे आहे का, असं तिने त्या प्रचारकाला विचारलं होतं आणि तो नुसता हसला होता. ते हसणं तिला झोंबलं. मग ती बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. सुईण दिसली की धानाचा एक दाणा बशीत. राजा फारच मिरवायला लागला म्हणून त्याच्यासाठी वेगळी वाटी. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. राजांच्या वाटीला शीग चढली, सुइणी चिमटीत मावल्या. पण त्यातच मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या दोघी होत्या. तिथल्या गुलाम इब्री लोकांच्या बाईला मुलगा झाला की मारून टाका, असा राजाचा हुकूम त्यांना होता आणि तो त्यांनी साफ धुडकावला होता. धुरपताने ते पान डोमाला वाचून दाखवलं. त्यानंतर त्याने पुस्तकाला नावं ठेवली नाहीत.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुंडलिकराव पाटलांकडून बोलावणं आलं. जायचं नेहमीसारखं गोठ्याच्या दारानं. मागच्या खोलीत त्यांची विधवा लेक सुलोचना अडली होती. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळे कोणी काही सांगायची गरज नव्हती. भर दुपारी मुलगी झाली, ठणठणीत, टाहो फोडणारी. पुंडलिकराव दाराशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "धुरपते, हे रडनं बंद कर. मेलेलीच जन्मली म्हणून सांगजो." एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

सुलोचनाने धुरपताचा पदर घट्ट धरला. धुरपताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिसरचा राजाही असाच! हुकूम आपला, हात दुसऱ्याचे. त्या दोघींनी राजाला थाप मारून वेळ निभावली होती. हिला थाप मारायची नव्हती. तिने पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि गोठ्याकडे न वळता ती थेट माजघरातून ओसरीवर आली. तिच्या वस्तीतलं कोणी त्या माजघरात कधी शिरलं नव्हतं.

तिने पोर पुंडलिकरावांच्या मांडीवर ठेवली. "घ्या, पाटील. माझ्या हातानं लेकरं येतात, जात नाहीत. बंद करायचं असन तं तुमच्या हातानं करा. अन् गाव पुसन तं जे पाहिलं तेच सांगन मी." आणि ती तिथेच, त्यांच्यासमोर, मांडी घालून बसली.

पाटलांना ओरडताही येईना, उठताही येईना. पोर रडायची थांबली आणि त्यांच्या बंडीला तोंड लावून दूध शोधू लागली. पाटलांनी बंडीचं टोक तिच्या तोंडातून हलकेच सोडवलं. मग म्हणाले, "सुलोचनेकडं ने हिले. भूक लागली हाय."

धुरपता जागची हलली नाही. "तुमीच न्या," ती म्हणाली.