वरचा दगड

बीदरकडच्या मेहकरात इंजिनावरची पिठाची गिरणी आली ती छप्पन साली. पिराप्पानं आईला सांगितलं, "अव्वा, लई दळलीस. आता सुखात बस." तानुबाई म्हणाली, "माझं सुख कशात हाय ते तू मला शिकवायलास व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पडवीतल्या जात्यावर जाऊन बसली. समोर होतीच खाजाबी पिंजारीण.

हे समजायचं तर सात-आठ वर्षं मागं जायला हवं.

तानुबाईच्या पडवीतलं जातं चांगलं मोठं, दोघींनी मिळून ओढायचं. ती हटकराच्या या घरात सून म्हणून आली तेव्हापासून शेजारची खाजाबी समोर बसायची. दोन घरांचं दळण, एकच खुंटा. तानुबाईनं ओवी उचलावी, खाजाबीनं तिच्या दखनी उर्दूतली ओळ घालून पुरी करावी. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, पोटची गेलेली लेकरं, सगळं त्या खुंट्याभोवती बोलून झालं. नवरा वारला तेव्हाही तानुबाई रडली ती जात्यावरच. घरच्यांना आपलं वाटायचं, बायका दळतायत.

मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. रझाकारांनी छळलं होतं हे खरं, पण त्याचा सूड निघाला तो ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती त्यांच्यावर. खाजाबीचा नवरा दुसऱ्या गावाला गाद्या भरायला गेला होता, तो परत आलाच नाही. पोरीला घेऊन ती बीदरला बहिणीकडे पळाली, आणि सुगी झाल्यावर परतली. गावानं तिच्याकडे पाठ फिरवली. कुणाला राग होता, कुणाला लाज होती. पाठीवरून ते कळत नाही.

तानुबाईचा थोरला दीर लिंगाप्पा घरचा कारभारी. त्यानं बजावलं, "ती बाई आपल्या पडवीत बसायची न्हाई. लोक नावं ठेवायलेत."

थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, असा घरचा रिवाज. बोलायचंच झालं तर पदर ओढून दाराच्या चौकटीला सांगायचं, आणि दिरानं ऐकून घ्यायचं. लग्न झाल्यापासून तानुबाई चौकटीशीच बोलत आली होती.

"चौकटी, सांग यांना," ती म्हणाली, "खाजाबी न्हाई, तर दळण न्हाई."

लिंगाप्पा हसला. घरात तिसरं बाईमाणूस एकच, पिराप्पाची बायको रत्नम्मा; तिला त्यानं समोर बसवलं. तानुबाईनं खुंट्यावरचा हात काढला आणि भिंतीला टेकून बसली. रत्नम्मानं एकटीनं जोर लावला, पण ते जातं एकटीला कुठलं ऐकतंय! नुसत्या कण्या पडल्या. घरानं कण्या शिजवून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही कण्याच. शेजारी दळायला जावं तर बभ्रा होणार, आणि लिंगाप्पाला उपास परवडला असता, बभ्रा नाही.

शेवटी तो ओरडला, "जातं माझ्या बापाचं हाय! दळायचं तर दळ, न्हाईतर ऊठ तिथून!"

तानुबाई उठली. जात्याचा वरचा दगड तिनं खुंट्यासकट उचलून काढला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि रत्नम्माकडे पाहिलं. रत्नम्मानं मुकाट्यानं हात लावला. पोरगी घाबरली होती, पण तिनं हात लावला.

मागच्या बोळातून जाता आलं असतं. तानुबाई मुद्दाम पारावरून गेली. पारावरच्या बाप्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. मान मोडायची वेळ आली होती, तरी तिनं ती खाली घातली नाही.

खाजाबीच्या अंगणात दगड धप्पकन उतरला.

"अगे तानक्का, पागल झालीस का? निस्त्या वरच्या दगडाचं काय करायचं?"

"खालचा त्यांच्या बापाचा. ह्याला आपले हात लागलेत," तानुबाई म्हणाली. "बस समोर. दळायला कुठं आलेय मी?"

खाजाबी बसली. नवरा गेल्यापासून तिच्यासमोर असं कुणी बसलंच नव्हतं. तिनं खुंट्याला हात लावला मात्र, आणि तिला हुंदका फुटला.

तेवढ्यात लिंगाप्पा आला. मागं निम्मा पार आला होता. आत पाऊल टाकायची त्याला हिंमत होईना, आणि दोघींकडे बघवेना. मग खाली मान घालून खाजाबीच्या दाराच्या चौकटीला म्हणाला,

"चौकटी, सांग तिला. दगड घिऊन घरी ये म्हणावं. आन्... दोघीबी या म्हणावं."

तानुबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. जन्मात पहिल्यांदा तिनं दिराच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"येताव," ती म्हणाली. "पर आदी हिचं रडून होऊ द्या."