दरवानाचं शेवटचं गिऱ्हाईक

आमचे हे दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी फुकट राबतात. जगभरातले हौशी लोक मिळून कॉम्प्युटरसाठी मोफत सॉफ्टवेअर बनवतात, त्यातला एक तुकडा ह्यांचा. कॉम्प्युटरमध्ये काही महत्त्वाचं बदलायला गेलं की "आधी पासवर्ड टाका" म्हणून अडवणारा दरवान ह्यांनी लिहिलेला. घरच्या दाराची कडी मात्र मीच सुतार बोलावून बसवून घेतली.

पुढे नवा, जास्त हुशार दरवान आला. एकेक प्रोग्राम त्याच्याकडे गेला. जुन्यातल्या फटी बुजवता बुजवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले, तेव्हा तो काढून टाकायचं ठरलं. हे अडून बसले. "अजून एक जण वापरतोय," एवढंच उत्तर. म्हातारा हट्टी आहे, असंही कुणीतरी लिहिलं. त्या दिवशी हे धड जेवले नाहीत.

शेवटी त्यांच्या टोळीतल्या एका मुलीने मलाच फोन केला. "काकू, तुम्ही समजवा ना काकांना. तो एक जण कोण, तेही सांगत नाहीत."

मी सरळ विचारलं, "कोण हो तो?"

हे चष्मा पुसत राहिले. "तू."

माझं गणवेशांवर नावं भरून देण्याचं दुकान आहे. अक्षरं भरतकामाच्या मशीनला पाठवणारा माझा प्रोग्राम जुनाट, त्याला वाली कुणी नाही, आणि तो फक्त ह्यांच्याच दरवानाला ओळखतो. एकदा ह्यांनी काहीतरी सुधारलं आणि ऐन शाळा सुरू होताना मशीन बंद पडलं. तेव्हा मी कडाडले होते, "पुन्हा हात लावलात तर याद राखा!" ह्यांनी ती खरंच राखली. माझ्या एका ओरडण्यापायी हा माणूस जगाची बोलणी खात बसला होता! मला हसू आलं आणि भडभडूनही आलं.

"काढून टाका तो," मी म्हटलं. "मी नवीन शिकते."

"जमेल तुला?"

"शिकवा की मग."

दरवान ह्यांनी स्वतःच काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दुकानात माझ्याशेजारी स्टुलावर बसले आणि नवा प्रोग्राम दाखवू लागले. मला तो दुपारपर्यंतच समजला होता. तरी पुढे महिनाभर रोज संध्याकाळी मी फोन करायचे, "अहो, या ना जरा, परत अडलंय."