एक प्रश्न गप्प शेजाऱ्याला

डॉ. वासंती गुप्ते यांची आणि माझी पहिली भेट डोंबिवलीच्या कॉलेजात झाली; त्या संगणकशास्त्र शिकवायच्या. मी बाळकुमचा. तोंड उघडलं की गावची बोली बाहेर पडेल, या धास्तीने शेवटच्या बाकावर गप्प बसायचो. पुढच्या बाकांवर हुशारांचे हात वर असताना मॅडम थेट मागे बघून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." माझं उत्तर साफ चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मलाच विचारलं.

निवृत्तीनंतर मॅडमनी औषधदुकानांचं जाळं उभारायला घेतलं आणि मला हाताशी घेतलं. प्रत्येक दुकानाच्या साठ्याची नोंद त्याच्याच संगणकावर, मध्ये कुठला मुख्य संगणक नाही. औषध हवं असलं की प्रश्न एका दुकानातून दुसऱ्यात पुढे सरकतो. आधी ज्यांनी उत्तरं दिली त्यांनाच विचारावं, असं माझं मत. मॅडमचा हट्ट असा की, दर खेपेला एक प्रश्न कधीच उत्तर न दिलेल्या दुकानालाही गेला पाहिजे. झालं तसंच.

मग माझ्या वडिलांना एक इंजेक्शन तातडीने हवं झालं. संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर आशा ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी मॅडमच्या घरी धावलो. तिथल्या संगणकावरून जाळ्यात प्रश्न सोडला. घोडबंदर रोडहून "नाही". ठाण्याहून "नाही". कल्याणहूनही "नाही".

"सगळ्या दुकानांना एकदम विचारतो," मी म्हणालो. मॅडमनी माझा हात बाजूला केला. "जाळं तुंबेल. तुमचा प्रश्न अडकेल, आणि दुसऱ्या कुणाच्या वडिलांचाही. थांबा." मला त्यांचा भयंकर राग आला. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

टिटवाळ्याच्या एका लहानशा दुकानातून "आहे" आलं. आजवर त्या दुकानाने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. दुकानदार बर्फाचा डबा घेऊन कल्याणपर्यंत आले, तिथून मॅडमनी स्वतः हॉस्पिटलपर्यंत गाडी हाकली. शुद्धीवर येताच वडील पुटपुटले, "गावली का रं सुई?" मी तिथेच रडलो.

मॅडम आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गेल्या वर्षी कुणालाही न कळवता त्या एकट्याच जाऊन स्वतःचं ऑपरेशन करून घेऊन घरी आल्या. याचा मला राग आहे आणि तो मी इथे लिहून ठेवतो. आम्हा गप्प पोरांना शोधून विचारणाऱ्या मॅडमना कुणी काही विचारलंच नाही. तेव्हापासून रोज सकाळी माझे वडील त्यांना फोन करतात, "बाई, बरं हाय ना?" मॅडम, आणखी पुष्कळ वर्षं ठणठणीत राहा आणि तो फोन उचला.