ओळंबा भांग पाडतो

रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारा एक माणूस होता, त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव त्याला असं चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी कुणी खरं नाव पुकारलं तर हा शेजारच्याकडे बघायचा. उंच, शिडशिडीत माणूस, आणि वाकडं म्हणून काही खपायचं नाही. कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार आणि मगच बसणार. शहरातल्या सगळ्यात मोठ्या रस्त्याची मधली रेघ त्याने मारलेली. घरी पाहुणे आले की ती दाखवायला मुद्दाम तिकडून फिरवून आणायचा. पाहुणे बिचारे म्हणायचे, "वा, सरळ आहे हं." दुसरं काय म्हणणार?

या माणसाने चाळिशीत लग्न केलं ते पोहायला शिकवणाऱ्या एका बाईशी. तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी आली. आई तिला 'सरकार' म्हणायची, कारण घरात हुकूम तिचाच चालायचा. सरकारचे केस बारीक बारीक वेटोळ्यांचे आणि इतके दाट, की त्यात पेन्सिल खोचली तर संध्याकाळपर्यंत सापडायची नाही. एक बट ओढून धरली तर कमरेशी येणार, सोडली की टुणकन कानाशी. दर रविवारी दुपारी आई तिला दोन गुडघ्यांत बसवायची, शेपटीवाल्या कंगव्याने डोक्यावर भांग पाडून चौकोन आखायची आणि एकेका चौकोनाची वेणी घालायची. दोघींच्या गप्पांना नुसता ऊत यायचा. ओळंबा दारात उभा राहून बघायचा. त्या लख्ख भांगांचा त्याला हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर गप्पांचा त्याहून जास्त. लग्नाला बरेच महिने झाले तरी सरकार त्याला 'काका, तुम्ही' म्हणायची आणि विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्यायची. वाईट वागायची असं नाही. पाहुण्याशी वागावं तशी वागायची, आणि तेच त्याच्या जिवाला लागायचं.

मग पडद्याच्या दांडीने घात केला. दांडी बसवायचं काम ओळंब्याचं. पण तो आदल्या दिवसापासून भिंतीवर नुसती मापं घेत होता, पट्टी लावत होता, खोडत होता. शेवटी बायको वैतागून स्वतःच स्टुलावर चढली आणि खाली आली ती उजव्या मनगटावर. हाड मोडलं नव्हतं, पण दोन आठवड्यांचं प्लास्टर पडलं. दांडी अजूनही कोपऱ्यात उभीच होती.

आता रविवार कसा निभवायचा? शेजारची मावशी मदतीला आली. तिने कोरड्या केसांत बारीक दातांचा कंगवा घातला आणि वरून खाली असा ओढला की सरकारची किंकाळी खालच्या दुकानापर्यंत गेली. मावशी गेली तेव्हा कंगव्याचे दोन दात केसांतच राहिले होते. सरकारने डोळे पुसले आणि फर्मान काढलं.

"कापून टाका सगळे. मुलांसारखे. मला नकोच केस."

आईचा चेहरा पडला. ते केस तिने पोरीच्या बाळपणापासून जपले होते, कुणाला केसाला धक्का लावू दिला नव्हता. पण डोकं पोरीचं, हुकूमही तिचाच. आई नुसती प्लास्टरकडे बघत बसली. ते ओळंब्याला बघवेना.

"मी पाडतो भांग," तो म्हणाला. "अगं, मी रेघा मारायचाच पगार घेतो!"

सरकारने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "एकदाच," ती म्हणाली. "नाही जमलं तर कापायचे."

त्याने कंगव्याची शेपटी कपाळापासून मागे नेली. हात सरळ, नजर सरळ, सगळं सरळ. मानेपर्यंत पोचून पुढे बघतो तर रेघ गायब! वेटोळी आपली परत एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली. पुन्हा नेली. पुन्हा गायब. ओळंब्याच्या तोंडाला फेस आला. रस्ता निदान मारलेली रेघ गिळत तरी नाही. मग त्याला एकदम सुचलं. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

रस्त्यावर रंग मारायच्या आधी निळ्या भुकटीत माखलेली दोरी ताणून धरतात, मधे उचलून टणकन सोडतात, की खाली सरळ निळी खूण उठते. ती दोरी त्याच्या कामाच्या पिशवीत होती. आई तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली होती.

"हे टोक नाकाच्या शेंड्यावर घट्ट धर," तो म्हणाला.

सरकारने कुतूहलाने धरलं. दुसरं टोक त्याने मानेवर दाबलं, दोरी मधे उचलली आणि सोडली.

टण्ण!

निळा धुरळा उडाला. सरकारला शिंक आली, ती थांबेचना. आई धावत आली तर लेकीचं नाक निळं, कपाळ निळं, केसांवर निळा ढग, आणि नवरा हातात दोरी धरून गुन्हेगारासारखा उभा. तिने कपाळाला हात लावला तो नेमका प्लास्टरचा, आणि ते जोरात लागलं. मग ती हसायला लागली. भिंतीला टेकून हसली, खाली बसून हसली, "अगं आई गं, हात दुखतोय" म्हणत हसली. सरकार आतल्या खोलीतल्या आरशाकडे पळाली. मग दाराच्या फटीतून एक निळं नाक बाहेर आलं.

"काका, मी काय रस्ता आहे?"

केस तीनदा धुतले तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. सरकारने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि निकाल दिला: पुढचा रविवार. शेवटचा. आईचा जीव आठवडाभर टांगणीला लागला.

ओळंब्याने सामान ठेवायच्या शेडमध्ये तालीम सुरू केली, ती फरशी पुसायच्या सुताच्या मॉपवर. जेवणाच्या सुट्टीत मॉप मांडीवर घेऊन हा गृहस्थ भांग पाडत बसलेला! बाकीचे कामगार दात काढून काढून थकले. एकाने मॉपला रिबीन आणून बांधली. मुकादम आला, त्याने ते दृश्य बघितलं आणि आल्या पावली परत गेला.

शेवटी गाड्या अडवायला झेंडा घेऊन उभी राहणारी त्यांची झेंडेवाली पुढे आली. तिने हेल्मेट काढलं. खाली सरकारसारखेच केस, झाडाएवढे.

"ठेवा तो मॉप," ती म्हणाली. "त्याला दुखत नाही, म्हणून तो काही शिकवतही नाही. माझ्या डोक्यावर शिका. दुखलं की मी झेंडा मारीन."

तिने शिकवलं आणि झेंडाही मारला. केस आधी पाण्याने ओले करायचे, क्रीम लावायचं, गुंता बोटांनी आणि तोही टोकाकडून सोडवत वर यायचं. कंगव्याची शेपटी टोचायची नाही, आडवी टेकवून डोक्याच्या कातडीवरून एका दमात न्यायची. एका बाजूचे केस लगेच चापाखाली, म्हणजे परत गळ्यात गळे घालायला येत नाहीत.

"आणि डोकं रस्ता नाही, कलिंगड आहे," ती म्हणाली. "गोल. तुम्ही वरून सरळ नेता, ते बाजूने वाकडं दिसतं. चालत फिरून बघा की!"

मग ओळंबा झेंडेवालीभोवती कंगवा घेऊन प्रदक्षिणा घालू लागला. झेंड्याचे फटके मात्र दिवसागणिक कमी होत गेले.

रविवार उजाडला. सरकार त्याच्या गुडघ्यांत येऊन बसली, पाठ अशी ताठ, की जणू दातांच्या डॉक्टरकडे आली आहे. आई समोरच्या खुर्चीत उंटावरून शेळ्या हाकायला सज्ज. त्याने केस ओले केले. क्रीम लावलं. गुंता टोकाकडून सोडवला. सरकार वाट बघत होती, कधी दुखतंय. दुखेना. शेपटी टेकवली आणि एका दमात मानेपर्यंत नेली.

आई खुर्चीतून उठली. भांग लख्ख होता! ओळंब्याला त्या क्षणी उठून नाचावंसं वाटलं, पण गुडघ्यांत सरकार होतं. दुसरा भांग पडला, तिसरा पडला, चौकोन जुळायला लागले. पहिली वेणी जरा लठ्ठ झाली, दुसरी बरी. सरकारची पाठ हळूहळू सैल पडली आणि तिच्या तोंडाला वाचा फुटली.

"काका, आमच्या मोठ्या बाई आहेत ना, त्या परवा वर्गात आल्या. शिस्तीवर बोलायला. आणि त्यांच्या कोटात मागे हँगर तसाच! हुक मानेतून बाहेर!"

"मग?"

"मग काय, कुणी सांगतंय होय! त्या शिस्त शिस्त करून वळल्या, आणि हुक अडकला नकाशाच्या दोरीत. आख्खं जग त्यांच्या मागे गेलं. दारापर्यंत! तुला सांगते, समुद्र बाकांवरून..."

पुढचं तिला बोलवेना. हसू फुटलं. डोकं हललं, खांदे हलले, ओळंब्याचे गुडघेसुद्धा हलले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या आलं. आणि कंगवा त्या वेळी नेमका शेवटच्या भांगाच्या मध्यावर होता.

'हलू नकोस' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर भांग सरळ पडला असता आणि पाठ परत ताठ झाली असती. ओळंबा बोलला नाही. बायकोकडे बघितलं, तीही बोलली नाही. तो पोरीबरोबर हसत राहिला आणि हात जाईल तसा भांग जाऊ दिला.

वेण्या झाल्या. सरकार हातात छोटा आरसा घेऊन मोठ्या आरशासमोर उभी राहिली, डोकं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मग कानामागच्या भांगावर बोट ठेवलं. तो तीन ठिकाणी वळला होता.

"हा वाकडा आहे."

"आहे," ओळंबा म्हणाला. "मोडून परत पाडू?"

सरकारने त्या भांगावरून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. ओळंब्याने कंगवा परत हातात घेतला.

"नको. हा नकाशाचा आहे. राहू दे."

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं बाई. आणि पुढच्या रविवारच्या आत माझं प्लास्टर निघतंय. मी पाडीन भांग, मग काकांची सुटका."

सरकारने आरसा खाली ठेवला आणि आईकडे जरा काळजीने बघितलं.

"तू बस ना खुर्चीत," ती म्हणाली. "तुझा हात अजून कच्चा असेल. काका पाडेल."

ओळंबा कंगवा धुऊन आणतो म्हणून आत गेला. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता.